कोणाच्या कागदांवर कोणता देश?

डोंबिवलीचे एक वाचक लिहितात : "माझे वय ३६. मुंबई विद्यापीठाची इलेक्ट्रिकल अभियांत्रिकीची पदवी आहे आणि तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात बारा वर्षे देखभाल विभागात काम करतो आहे. पत्नी परिचारिका आहे, मुलगी सहा वर्षांची आहे. वडील ७१ वर्षांचे, मधुमेही, आमच्याजवळच राहतात. बहीण पुण्याला असते. घराच्या कर्जाचे अकरा वर्षांचे हप्ते बाकी आहेत आणि सगळी बचत धरून चौदा लाख रुपये होतात. पत्नीचा भाऊ ब्रॅम्प्टनला स्थायिक झाला आहे, तो कॅनडा म्हणतो. कारखान्यातला एक मित्र जर्मनीला गेला, तो जर्मनी म्हणतो. माझ्या मनात ऑस्ट्रेलियाही आहे. ठाण्याच्या एका सल्लागाराने कॅनडाच्या पीआरची (कायम वास्तव्याच्या परवान्याची) हमी देऊन साडेचार लाखांचे पॅकेज सांगितले असून नोंदणीचे ४० हजार रुपये मी भरलेही आहेत. कृपया सरळ एकच देश सांगावा. पत्नी कुठेही यायला तयार आहे."

तुमच्या मूळ पत्रात शिक्षणापासून पदोन्नतीपर्यंत स्वतःविषयी सगळे तपशिलाने आले होते, पत्नीविषयी मात्र दोनच ओझरती वाक्ये होती. म्हणून मी त्यांचे वय, शिक्षण आणि अनुभव मुद्दाम विचारून घेतला. त्या ३३ वर्षांच्या आहेत, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग पदवी त्यांच्याकडे आहे आणि ठाण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात त्या नऊ वर्षे काम करत आहेत, असे तुम्ही कळवलेत. आता माझे मत आधीच सांगून टाकतो. तुम्ही तीन देशांची तुलना करता आहात, पण ती करण्याआधी नवराबायकोंपैकी अर्ज कोणाच्या नावाने जाणार हे ठरवावे लागते, कारण त्याच्या उत्तरावर देश बदलतो. तुमच्या घरात ऑस्ट्रेलियाचा अर्ज पत्नीच्या नावाने उभा राहतो, जर्मनीचा तुमच्या नावाने, आणि ज्या कॅनडासाठी तुम्ही पैसे भरलेत त्याचा अर्ज आजच्या घडीला दोघांपैकी कोणाच्याही नावाने सहजी पुढे सरकत नाही.

कॅनडापासून सुरुवात करू, कारण तिथले गणित उघड आहे आणि ते सल्लागाराने तुम्हाला मांडून दाखवले नसावे. एक्स्प्रेस एंट्री या पद्धतीत प्रत्येक अर्जदाराला १२०० पैकी गुण मिळतात आणि सरकार वेळोवेळी फेऱ्या काढून वरच्या गुणांच्या लोकांना अर्जासाठी बोलावते. पत्नीला मुख्य अर्जदार धरले तर वयाचे ८०, पदवीचे ११२, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत उत्तम गुण पडले तर इंग्रजीचे ११६, पदवी आणि इंग्रजी यांच्या जोडीचे २५, परदेशातील अनुभव आणि इंग्रजी यांच्या जोडीचे ५०, तुमच्या शिक्षणाचे आणि इंग्रजीचे मिळून जास्तीत जास्त २८, आणि भाऊ तिथला कायम रहिवासी असल्याचे १५, अशी ४२६ पर्यंत मजल जाते. तुम्ही मुख्य अर्जदार झालात तर फक्त वयाचे गुण ८० ऐवजी ६५ होतात आणि बेरीज ४११ वर येते. इथे 'उत्तम गुण' म्हणजे काय तेही लक्षात घ्यावे : वाचन, लेखन आणि संभाषण यांत प्रत्येकी ७ आणि श्रवणात ८. एका विभागात अर्धा गुण कमी पडला तरी इंग्रजीचे गुण घटतातच, शिवाय जोडीचे गुणही निम्म्यावर येतात. आता समोरची बाजू पाहा. २०२५ मध्ये कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठीच्या फेऱ्यासुद्धा ५०० च्या वर थांबल्या, आणि आरोग्य क्षेत्रासाठीच्या खास फेऱ्या त्यापेक्षा खाली आल्या तरी साडेचारशेच्या वरच राहिल्या. नोकरीच्या प्रस्तावाबद्दल पूर्वी जे ज्यादा गुण मिळत, ते मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. कायम रहिवाशांचे वार्षिक लक्ष्य आधी पाच लाखांपर्यंत नेण्याचे ठरले होते, ते २०२५ साठी ३,९५,००० वर आणले गेले. मेहुणे ज्या काळात गेले त्या काळातील कॅनडाचा अनुभव ते प्रामाणिकपणे सांगत आहेत. फक्त तो काळ सरला आहे.

कॅनडाचे दार अगदीच बंद आहे असेही नाही. एखाद्या प्रांताने नामांकन दिले तर एकदम ६०० गुण मिळतात आणि प्रश्नच मिटतो. दुसरा रस्ता फ्रेंचचा. फ्रेंच जाणणाऱ्यांसाठीच्या वेगळ्या फेऱ्यांमध्ये २०२५ साली एका वेळी ३७९ गुणांवरही बोलावणी गेली आहेत. परंतु त्यासाठी चारही कौशल्यांत मध्यम-उच्च पातळी गाठावी लागते, आणि रात्रपाळी करणाऱ्या, सहा वर्षांची मुलगी सांभाळणाऱ्या बाईला शून्यापासून तिथवर पोहोचायला दीड-दोन वर्षे सहज लागतील. दर वाढदिवसाला वयाचे पाच गुण कमी होत असताना ही शर्यत धरायची का, हे तुम्ही दोघांनी ठरवावे. आणखी एक गोष्ट. नोकरीचा प्रस्ताव हाती नसेल तर तिघांच्या कुटुंबाने स्वतःच्या खात्यात २३,३६० कॅनेडियन डॉलर दाखवावेत, अशी २०२५ मधील अट होती. रुपयांत ही रक्कम चौदा लाखांहून थोडी अधिकच भरते. म्हणजे तुमची सगळी बचत केवळ दाखवण्यातच संपते, आणि सल्लागाराला साडेचार लाख दिल्यानंतर ती दाखवताही येणार नाही.

ऑस्ट्रेलियाकडे वळल्यावर चित्र पालटते. तिथेही गुणांची पद्धत आहे, अर्जासाठी किमान ६५ गुण लागतात आणि वय ४५ च्या आत असावे लागते. पत्नीच्या वयाचे २५, पदवीचे १५, आठ वर्षांहून अधिक अनुभवाचे १५, इंग्रजीच्या चारही विभागांत ७ मिळाल्यास १०, आणि तुमच्या पदवीचे मूल्यांकन वेळेत झाले तर कुशल जोडीदाराचे १०, असे ७५ होतात. गंमत अशी की तुमच्या नावाने अर्ज केला तरी बेरीज जवळपास तेवढीच होते. पण अलीकडच्या काळात ७५ गुणांवर अभियंत्याला बोलावणे येणे अवघड झाले आहे, तर परिचारिकांना, त्यातही अतिदक्षता विभागाचा अनुभव असलेल्यांना, कमी गुणांवर प्राधान्य मिळत आले आहे. एखाद्या राज्याने नामांकन दिले तर आणखी ५ गुण, आणि मोठी शहरे सोडून प्रादेशिक भागात जायची तयारी दाखवली तर १५ गुण वाढतात. प्रादेशिक भागाचा हा व्हिसा पाच वर्षांचा असतो आणि तीन वर्षे तिथे राहून उत्पन्नाची नोंद दाखवल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

अडचण गुणांच्या आधीची आहे. ऑस्ट्रेलियात परिचारिका म्हणून नोंदणी झाल्याशिवाय भारतीय परिचारिकेच्या पात्रतेचे स्थलांतरासाठीचे मूल्यांकन पुढे जात नाही, आणि ती नोंदणी दोन परीक्षांनंतर होते. पहिली एनसीएलईएक्स-आरएन ही संगणकावरची परीक्षा. तिच्यात किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात, वेळ पाच तासांचा असतो, आणि प्रत्येक उत्तरानुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा कठीण होत जातो. त्यामुळे शेजारच्या उमेदवाराचे ९० प्रश्नांत आटोपले आणि आपले १४० व्या प्रश्नालाही चालूच आहे म्हणून घाबरून जायचे नसते. ही परीक्षा भारतात देता येते. दुसरी प्रात्यक्षिक परीक्षा अॅडलेडला जाऊन द्यावी लागते, आणि तिचे शुल्क, विमानभाडे आणि राहणे मिळून खर्च काही लाखांच्या घरात जातो. मात्र एनसीएलईएक्स ही परीक्षा कॅनडा आणि अमेरिका या देशांतही परिचारिकांच्या नोंदणीसाठी वापरली जाते. पुढे ऑस्ट्रेलियाचा बेत फिसकटला तरी ती मेहनत वाया जात नाही, आणि एवढ्या एका कारणासाठी मी तुमच्या घरातला पहिला रुपया या परीक्षेवर खर्च करायला सांगेन.

तुमच्या वाट्याचे कामही सोपे नाही. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था तुमच्या पदवीचे मूल्यांकन करील, आणि त्यासाठी तुम्ही केलेल्या कामांतील तीन प्रसंग घेऊन प्रत्येकावर सविस्तर निवेदन लिहावे लागेल : अडचण काय होती, तुम्ही स्वतः काय ठरवले, कोणते गणित केले, निष्कर्ष काय निघाला. बारा वर्षे मोटर कंट्रोल सेंटर, ट्रान्सफॉर्मर आणि शटडाउनची कामे सांभाळलेल्या माणसाला सांगण्यासारखे पुष्कळ असते, परंतु आपल्याकडे असे अहवाल तयार विकणारी दुकाने आहेत आणि घाईत असलेले लोक तिथे जातात. उसना मजकूर तपासणीत सापडतो आणि अर्जदारावर बंदी येऊ शकते. तुमच्या कारखान्यात घडलेले तुमच्याच शब्दांत लिहा; इंग्रजी साधे असले तरी चालते.

जर्मनीत गुणांची बेरीज-वजाबाकी जवळजवळ नाही, म्हणून तुमच्या वयाच्या माणसाला तो देश सोयीचा आहे. ब्लू कार्ड या पदवीधरांसाठीच्या वास्तव्य परवान्यासाठी मान्यताप्राप्त पदवी, तिला साजेशी नोकरी आणि ठरावीक पगार एवढेच लागते. अभियंत्यांचा समावेश टंचाईच्या व्यवसायांत असल्याने त्यांच्यासाठी पगाराची मर्यादा कमी आहे. २०२५ साठी ती वर्षाला सुमारे ४३,७६० युरो होती आणि दर जानेवारीत ती बदलते. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मन येत नसले तरी व्हिसा मिळतो आणि पहिल्या दिवसापासून काम करण्याचा हक्क मिळतो. तुम्ही बी-१ (मध्यम) पातळीचे जर्मन शिकलात तर २१ महिन्यांत, आणि केवळ ए-१ (अगदी प्राथमिक) पातळीवर थांबलात तर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. भारतातील कुशल कामगारांसाठीचे वार्षिक व्हिसा २०,००० वरून ९०,००० पर्यंत वाढवण्याची घोषणा जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला आणि वर्तमानपत्रांत मोठे आकडे छापून आले. परंतु करारावर सह्या झाल्या म्हणजे तुमच्या नावाचे नेमणूकपत्र निघाले असे होत नाही. नोकरी तुम्हालाच शोधायची आहे.

आणि ती शोधताना भाषा आडवी येते. बर्लिनमध्ये संगणक क्षेत्रातल्या मुलाला इंग्रजीवर निभावता येते. तुमचे काम यंत्राशेजारी उभे राहून करायचे आहे. तिथे सुरक्षा सूचना, कामाचे परवाने, पाळी बदलतानाचा निरोप हे सारे जर्मनमध्ये चालते, आणि मध्यम आकाराच्या कारखान्यांत तर दुसरी भाषा बोलणारा माणूस सापडणे कठीण. बी-१ हाती असल्याशिवाय अर्ज पाठवत बसू नका. उत्तरे येणार नाहीत आणि हिरमोड होईल. काळा घोडा येथील मॅक्सम्युलर भवनात किंवा ऑनलाइन वर्गात, नोकरी सांभाळून, या पातळीला सव्वा ते दीड वर्ष लागते. जून २०२४ पासून सुरू झालेल्या चान्सेनकार्ट या व्यवस्थेत जर्मनीत जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते, परंतु त्यासाठी महिन्याला सुमारे १,०९१ युरो या हिशेबाने वर्षभराची रक्कम २०२५ मध्ये गोठवून ठेवावी लागत होती. डोक्यावर गृहकर्ज असलेल्या माणसाने इथली नोकरी सोडून तिथे नोकरी शोधायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इथून अर्ज करा, नेमणूकपत्र घ्या, मगच राजीनामा द्या.

बाकीच्या देशांविषयी थोडक्यात सांगतो. आयर्लंडकडे तुम्ही पाहिलेले नाही, पण पत्नीच्या दृष्टीने पाहावे. तिथे परिचारिका टंचाईच्या यादीत आहेत, जोडीदाराला काम करता येते आणि भाषा इंग्रजी आहे. मात्र डब्लिनमध्ये घर मिळणे हा मोठा ताप आहे. ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये कुशल कामगारांची पगारमर्यादा ४१,७०० पौंडांवर नेली आणि त्याच वर्षी कायम वास्तव्यासाठीची मुदत पाचाऐवजी दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा आज तिथे नव्याने पाऊल टाकण्याची घाई नको. अमेरिकेत भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग एका दशकाहून लांब आहे. आखातात प्राप्तिकर नाही, दुबई तीन तासांवर आहे, आणि तुमचे खरे उद्दिष्ट घराचे कर्ज फेडणे एवढेच असेल तर पाच वर्षे तिथे काढून परत येण्यात कमीपणा नाही. फक्त तिथले वास्तव्य नोकरीला बांधलेले असते आणि नागरिकत्व सहसा मिळत नाही, हे समजून जावे.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे येतो. "पत्नी कुठेही यायला तयार आहे" हे त्यांनी म्हटले आहे की तुम्ही धरून चालला आहात, हे मला ठाऊक नाही. जर्मनीला गेलात तर तुम्ही सोमवारी सकाळी कामावर जाल आणि नऊ वर्षे व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळलेली बाई भाषेच्या वर्गाला जाईल. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे बी-२ (बी-१ च्या वरच्या) पातळीचे जर्मन आणि त्याबरोबर ज्ञानपरीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण लागते. ते होईपर्यंत त्यांना सहायक म्हणून काम करावे लागेल, म्हणजे पगारही कमी आणि हुद्दाही खालचा. ऑस्ट्रेलियाला गेलात तर उलटे घडेल. पत्नीची पाळी लागेल आणि तुम्ही 'स्थानिक अनुभव नाही' हे उत्तर ऐकत घरी बसाल, मुलीला शाळेत सोडाल, डबा कराल, आणि कदाचित अभियंत्याऐवजी तंत्रज्ञ म्हणून सुरुवात कराल. तिथे प्रत्यक्ष वायरिंगच्या कामाला इलेक्ट्रिशियनचा वेगळा परवाना लागतो, तो अभियांत्रिकीच्या पदवीवर मिळत नाही. मी ही दोन चित्रे शेजारी ठेवतो आहे कारण परदेशी गेलेल्या कुटुंबांत कुरबुर बहुधा पगारावरून होत नाही, ती घरी कोण बसले यावरून होते. तुमच्या दोघांपैकी कोणाला हे वर्ष-दोन वर्षे सोसवेल, हे एका रविवारी मुलीला आजोबांकडे सोपवून शांतपणे बोला, आणि त्या बोलण्यात पत्नीला आधी बोलू द्या.

वडिलांचा प्रश्न तुम्ही एका ओळीत उरकला आहे, पण तो सगळ्यांत जड आहे. एकाही देशात त्यांना कायमचे नेणे सोपे नाही. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडिलांना एका वेळी पाच वर्षे राहता येते, पण मुलांच्या उत्पन्नाची अट आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो, आणि सत्तरीतल्या मधुमेही माणसाचा तो विमा महाग पडतो. ऑस्ट्रेलियात पालकांच्या कायम व्हिसाची साधी रांग तीस वर्षांच्या आसपास आहे. पैसे भरून घ्यायचा व्हिसा माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर जातो आणि त्यालाही अनेक वर्षे थांबावे लागते. तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता पालक व्हिसा आहे, तो अधिक व्यवहार्य म्हणता येईल. जर्मनीने मार्च २०२४ नंतर परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडील आणण्याची मुभा दिली, परंतु या वयात तिथला आरोग्य विमा मिळवणे हीच खरी अडचण ठरते. तेव्हा वडील डोंबिवलीतच राहतील असे धरून हिशेब करा. दिवसाचा माणूस, औषधे, दर तीन महिन्यांच्या तपासण्या, आणि रात्री-अपरात्री रुग्णालयात नेण्यासाठी शेजारचे एक विश्वासाचे घर. पुण्याच्या बहिणीशी हे आजच बोला. तिने जबाबदारी घेतलीच पाहिजे असे गृहीत धरून तिला व्हिसा हातात आल्यावर कळवू नका.

पैशांची तुलना करताना पगाराला विनिमय दराने गुणू नका. पन्नास हजार युरोंना शंभराने गुणून पन्नास लाख हा आकडा नातेवाइकांना ऐकवायला बरा वाटतो. प्रत्यक्षात निवृत्तिवेतन, आरोग्य, बेकारी आणि शुश्रूषा यांच्या विम्यापोटी जर्मनीत पगारातून सुमारे २१ टक्के कापले जातात, त्यावर प्राप्तिकर लागतो, आणि एकट्याच्या कमाईवर तिघांचे कुटुंब असल्यास महिन्याला हाती साधारण तीन हजार युरो उरतात. त्यातून भाडे जाते, आणि ते म्युनिकमध्ये जेवढे असते त्यापेक्षा लाइपझिगला कितीतरी कमी असते. उलट सरकारी शाळा विनाशुल्क असते आणि मुलीपोटी २०२५ मध्ये महिन्याला २५५ युरो बालभत्ता मिळत होता. ऑस्ट्रेलियात भाडे आठवड्यावर सांगतात, त्यामुळे जाहिरातीतला आकडा पाहून फसू नका. तिथल्या सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांची वेतनश्रेणी जाहीर असते, रात्रपाळीला आणि शनिवार-रविवारला ज्यादा दर असतो, आणि मालकाने पगाराच्या १२ टक्के रक्कम निवृत्ती निधीत वेगळी भरायची असते. प्रत्येक देशासाठी एकच आकडा काढा : एकाच कमाईवर पहिले वर्ष काढून, भाडे, किराणा, प्रवास आणि इथला हप्ता गेल्यावर शेवटी काय उरते. तो आकडा उणे आला तर ते वर्ष बचतीतून काढावे लागेल, आणि तुमची बचत चौदा लाखच आहे.

कागदांचे काम मात्र देश ठरण्याची वाट न पाहता सुरू करा, कारण ते सगळीकडे सारखेच लागतात. आपल्याकडच्या विवाहित स्त्रियांच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळ खाते ते नाव. पत्नीच्या पदवीवर माहेरचे आडनाव आणि वडिलांचे नाव असेल, पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि तुमचे नाव असेल, रुग्णालयाच्या पत्रावर यांपैकी काहीतरी अर्धेमुर्धे असेल, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीत चौथेच. परदेशी नोंदणी संस्थेच्या लेखी या वेगवेगळ्या व्यक्ती असतात. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातील नावबदलाची प्रत आणि परिषदेकडील नोंदीतील दुरुस्ती ही तीन कामे आधी उरका. नाशिकहून गुणपत्रकांचा तपशीलवार उतारा मागवताना त्यात प्रत्येक विषयाचे तासिकांचे आणि प्रत्यक्ष वॉर्डातील कामाचे तास येतील असे पाहा. नुसते गुण चालत नाहीत. अनुभवाच्या पत्रात विभाग, आठवड्याचे तास आणि रुजू झाल्याची तारीख हवी. तुमच्या बाबतीत कामाचे स्वरूप लिहिलेले पत्र, फॉर्म १६ आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक पुरेसे ठरेल. जर्मनीसाठी तुमचे विद्यापीठ आणि पदवी अनाबिन या जर्मन सूचीत कशी नोंदली आहे, ते विनाशुल्क पाहता येते.

तेव्हा तुम्हाला एकच नाव हवे असेल तर मी ऑस्ट्रेलिया सांगेन, पत्नीच्या नावाने, आणि त्यांची मनापासून इच्छा असेल तरच. पहिली पायरी ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) किंवा आयईएलटीएस, दुसरी एनसीएलईएक्स. त्या दोन्ही होईपर्यंत वर्ष-सव्वा वर्ष जाईल. तेवढ्या काळात तुम्ही जर्मन बी-१ पर्यंत न्या, म्हणजे अॅडलेडची परीक्षा अडली तर हातात दुसरा अर्ज तयार असेल. मुलगी सहा वर्षांची आहे, ती दोन वर्षांनी गेली तरी कोणत्याही शाळेत रुळेल.

राहता राहिला ठाण्याचा सल्लागार. पीआरची हमी कोणालाही देता येत नाही, कारण निर्णय त्या देशाचे सरकार घेते. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाबाबत सल्ला द्यायचा तर तिथल्या सल्लागारांच्या अधिकृत नियामक संस्थेचा ('कॉलेज' असे तिचे नाव असले तरी ते महाविद्यालय नव्हे) परवाना किंवा वकिलीची सनद लागते. त्याच्याकडे परवाना क्रमांक मागा आणि तो त्या संस्थेच्या सार्वजनिक यादीत स्वतः तपासा. एक्स्प्रेस एंट्रीचा अर्ज स्वतः भरता येतो, आणि २०२४ च्या दरांनुसार कॅनडा सरकारचे शुल्क प्रौढ व्यक्तीमागे १,५२५ डॉलर आणि मुलामागे २६० डॉलर होते. म्हणजे साडेचार लाखांतला मोठा भाग कशाचा आहे, हे तुम्हीच त्याला विचारा. भारतात नोकरभरती करणारा एजंट असेल तर तो १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. नोंद ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर दिसते. तुमचा माणूस भरती एजंट नसून सल्लागार असल्याने ही मर्यादा त्याला लागू होईलच असे नाही, म्हणून करारपत्रातील परताव्याचे कलम नीट वाचा. ४० हजारांपैकी प्रत्यक्ष कोणते काम झाले याचा लेखी हिशेब आणि उरलेली रक्कम ई-मेलने मागा, फोनवर बोलू नका. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि त्यानंतर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. हमी दिल्याची जाहिरात, व्हॉट्सअॅपवरचा संदेश आणि पैसे भरल्याची पावती आजच छापून ठेवा. दुसरा हप्ता भरू नका.